महापे, तिसरा शनिवार

दाराशी टेबल माझं.
पांढरे स्टिकर, निळा मार्कर,
आणि वही, कारण खालच्या वॉचमनला वहीच लागते.
मी फक्त नाव लिहिते.
कुणी आडनावही सांगू लागलं
तर म्हणते, जागा पुरत नाही हो.
जागा भरपूर असते.
पण आडनाव कळलं की काही जण
कोडचं बोलणं अर्धवट टाकून
"मूळ गाव कुठलं?" वर येतात,
आणि मग गावात कुठल्या बाजूला,
हे नुसत्या डोळ्यांनी विचारतात.
आमचं घर त्या बाजूला होतं.

आत चाळीसेक माणसं.
खिडक्या बंद, उघडल्या तर
पावण्याकडचा कारखान्यांचा वास आत येतो.
समोसे कोपरखैरण्याहून येतात,
ठाणे-बेलापूर रोडवरच गार होतात.

नवी पोरं विचारतात, ताई, इथं वागायचं कसं?
समोसा डाव्या हातात धर, मी सांगते,
उजवा कोरडा राहू दे, कुणीतरी हात पुढे करेल.
भेटल्या भेटल्या क्यूआर कोड काढू नकोस,
आधी निदान एसीला तरी दोघांनी मिळून नावं ठेवा.
बोलणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं नाही,
पलीकडे कुणी का उभा असेना.
आणि घोळक्यात उभे राहाल तेव्हा
एक माणूस मावेल एवढी फट ठेवा.
फट असलेला घोळका
मला लांबूनही ओळखू येतो.

अवघड असतं ते निघणं.
"पाणी घेऊन येतो" म्हणतात
आणि पाण्यापाशीच दुसरीकडे मिसळतात.
न वाजलेला फोन कानाला लावतात.
आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात.
परत कधी न येणारासुद्धा येतोच म्हणतो.
केवढी सवलत आहे ही!

मार्चमध्ये दिगंबर आला.
पन्नाशीच्या अलीकडे, इस्त्रीचा शर्ट.
कार्ड पुढे केलं:
कंपनीच्या नावावर बॉलपेनची रेघ,
पट्टी धरून मारावी तशी सरळ.
हुद्द्यावर दुसरी.
फोन नंबर तेवढा शाबूत.
मी नाव लिहिलं.
"खाली काय लिहिणार?" त्यानं विचारलं.
खाली काही नसतं, मी म्हटलं.

आत गार्गीनं विचारलंच, सध्या कुठे?
तिच्या मनात काही नव्हतं.
"सध्या इथं," तो म्हणाला.
दोघं हसले, एक जरा उशिरा.

चहाच्या वेळी तो माझ्या टेबलाशी आला.
सतरा वर्षं बँकांची जुनी सिस्टिम सांभाळली,
रात्री दोनला फोन यायचा, आणि आता
रात्री दोनला आपोआप जाग येते, असं काहीसं
सांगत होता,
तेवढ्यात लिफ्टमधून प्रायोजक उतरले
आणि मी,
सगळ्यांना सांगत फिरणारी मी,
त्याच्या खांद्यावरून पाहिलं.
क्षणभरच.
त्याला ते दिसलं.
वाक्य त्यानं पुरं केलं, जरा लवकर.

शेवटी न सांगता खुर्च्या एकावर एक रचल्या.
बाकीचे स्टिकर लिफ्टच्या आरशावर चिकटवून गेले,
त्यानं आपला घडी करून खिशात ठेवला.
"येतो," म्हणाला.
या, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एप्रिलचा तिसरा शनिवार.
हॉलचं कुलूप नुकतं काढलेलं,
आणि जिन्यावरून दिगंबर. लिफ्ट बंद होती.
खुर्च्या लावू का?
नोकरीचं मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
मार्कर सुकला होता.
मी टोपण काढून, झटकून, फुंकून पाहिलं.
त्यानं खिशातला बॉलपेन दिला.
तोच असणार.
मी त्याचं नाव लिहिलं,
दोनदा गिरवून, बॉलपेननं अक्षर बारीक येतं.

पेन परत घेताना
त्यानं एक कोरा स्टिकर उचलला.
"आणि तुमचं?"
दोन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
टेबलामागच्या बाईला स्टिकर कशाला लागतो!

मी सांगितलं.
आडनावासकट.
त्यानं लिहिलं. जागा पुरली.